तिसरा

दुसऱ्यावरून थेट चौथा.
दोन वर्षं माझा हात असाच गेला,
जिन्याची एक पायरी मोडकी असली की
घरची माणसं खाली न बघता चढतात तसा.

गाडी लाल, दोघांपुरती, पंचविशीला आलेली.
रामबागेत उभी केली की पोरं काचेला नाक लावतात
आणि वाकणकरकाकू विचारतात,
"भाजी कुठे ठेवतेस गं हिच्यात?"
मांडीवर, काकू.

मी पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर लोकांचं रक्त वाचते.
हिचं मात्र मला वाचता येईना.
सकाळी शहाणी, दुपारच्या उन्हात बहकलेली,
सिग्नलला थरथरून बंद पडणारी.
एकदा तर पलासियाच्या चौकात
उभ्या उभ्या काटा नव्वदवर.

पालद्याला गेंदालाल मिस्त्रींनी बॉनेटला कान लावला,
बराच वेळ तसेच वाकून राहिले.
"डॉक्टरनी, ईको माथो फिरी ग्यो,
ने घुटना बी घिसी ग्या."
मी म्हटलं, एका वेळी एक सांगा.
एकाच रिपोर्टात दोन रोग लिहायला
आम्ही लोक कचरतो.

आधी डोकं.
ओजस फणसेनं पेटी उघडली, जेवणाच्या डब्याएवढी,
आणि भिंग माझ्या हातात दिलं.
एक कपॅसिटर ओकला होता.
मुंगीएवढा हिरवट डाग, तांब्याची एक रेघ खाल्लेली.
एवढ्याशानं?
"एवढ्याशानंच होतं, मॅडम."
हे वाक्य मी रोज दुसऱ्यांना सांगते.

दुसरा कॉम्प्युटर कोइमतूरहून आला,
कुणाच्या तरी ठोकलेल्या गाडीतला.
चावी फिरवली. काही नाही.
माझी गाडी, माझी चावी,
आणि आत बसलेला हा परका विचारतोय, तुम्ही कोण?
जुन्या मालकाला त्याच्या मनातून काढायला
ओजसला अख्खी दुपार लागली.

मग ती सुरू झाली, आणि इतकी गुळगुळीत
की त्या शांततेत तिसऱ्या गिअरचं करकरणं
पहिल्यांदा नीट ऐकू आलं.
ताप उतरला की दात दुखतोय हे कळतं ना, तसं.
गेंदालाल "मैंने कहा था" म्हणाले नाहीत.
पायानंच त्यांनी तेलाचा ट्रे पुढे सरकवला.

तेल काळं, आणि त्यात पिवळी चमक,
झिजलेल्या पितळी कड्यांची.
सराफ्यात असतं तर एखाद्या झारेकऱ्यानं
आशेनं धुऊन बघितलं असतं.
मी सवयीनं एक थेंब काचपट्टीवर घेतला,
लॅबमध्ये नेऊन पाहिला.
कशासाठी, ते सांगता येत नाही. सुंदर होता.

गिअरबॉक्स दिल्लीहून, मायापुरीतून,
गोणपाटात, नऊ आठवड्यांनी.
खर्च विचारू नका.
बहिणीला मी निम्माच सांगितला आहे.

सगळं जोडून झालं तेव्हा ओजस म्हणाला,
"आता दहा मिनिटं हात लावू नका. एसी नको, पाय नको.
तिला नुसतं उभं राहायला शिकू द्या."
आम्ही तिघं शेडमध्ये गप्प उभे,
बाळ निजवल्यावर दाराशी उभं राहतात तसे.
चहावर साय धरली.

खंडवा रोडला, सिमरोलच्या पुढे, घाट लागला.
गेंदालाल शेजारी, मांडीवर फडकं पसरून,
सीटला तेल लागू नये म्हणून.
चढ आला. मी क्लच दाबला,
आणि हात गेला दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर.
इंजिन कण्हलं.

ते खिडकीबाहेर पळसाकडे बघत राहिले.
"तीजो लगाओ, डॉक्टरनी. अब नी काटे."

हात न्यूट्रलपर्यंत आला आणि थांबला.
नवी पायरी बसवली हे माहीत असूनही
अंगठा आधी चाचपून बघतो.
गाडीचा वेग पडत चालला होता.
मागचा ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता.