शेरा

गाडी तपासणं हे माझं पोट.
एकवीस वर्षं, कायानी गावाबाहेरच्या ह्याच शेडमध्ये
खड्ड्यात उतरून मी लोकांच्या गाड्या खालून बघतो.
बोटानं गंज टोकरतो. 'नापास' लिहितो.
त्यामुळे गावात
मला कॉफीला बोलावणारी घरं दोनच.

शुक्रवारी ताइस्तो आला, जुनी जर्मन गाडी घेऊन.
ह्या गाड्यांना वेग चढला की
शेपटाकडची पट्टी मोटरवर आपोआप उठते,
गोंजारलेल्या मांजराच्या पाठीसारखी, जराशी.
ह्याची पट्टी वेगाला भीक घालत नव्हती.
ब्रेकवर पाय पडला की उठायची,
आणि जराशी नाही. ताठ. दार उघडावं तशी.

"वाऱ्याचा ब्रेक," तो म्हणाला.
एवढंच. आमच्याकडची माणसं
सरपणासारखे शब्द जपून जाळतात.

मी दिवा घेऊन वाकलो.
मोटर मूळचीच, पण प्लॅस्टिकची दातेरी चाकं जाऊन
घरी कातलेली पितळेची आली होती.
आधाराचे दोन पाय वाढवलेले, सायकलच्या नळीचे.
ब्रेकच्या दिव्याची तार फोडून रिलेला दिलेली.
आणि 'इथं थांब' म्हणणारा कंपनीचा बारका स्विच
उपटून चार बोटं पुढं बसवलेला.
वेल्डिंग—
मी सहसा कुणाला बरं म्हणत नाही—
मुंग्यांच्या रांगेसारखं.

वर फळी होती ती रस्त्यावरची पाटी.
पिवळी, लाल काठाची; 'पुढे मूस आडवा येतो' सांगणारी.
नगरपालिकेच्या भंगारातून विकत घेतलेली,
मी काही विचारायच्या आत पावती पुढं केली त्यानं.
कापताना मुसाचे पाय गेले होते,
शिंगं आणि छाती उरली होती,
छातीत भोक, कुण्या शिकाऱ्यानं
हात साफ करायला झाडलेल्या गोळीचं.

"भोक बुजवलं नाहीस?"
"शिट्टी वाजते त्यातून. उघडलंय ते कळतं."

धारदार कड. हलता भाग. मागचं दिसणं अडतं.
नापास.
त्यानं मान डोलावली, कागदाची चौघडी केली.
दारातून म्हणाला, "रविवारी तळ्यावर ये."

तळं फेब्रुवारीचं, म्हणजे रस्ताच.
बर्फावर ब्रेक म्हणजे काय, तर विनवणी;
चाकं थांबतात, गाडी आपली जात राहते.
पहिल्या खेपेला फळी मिटलेली. आम्ही घसरत, घसरत,
मासे धरणाऱ्या म्हाताऱ्याच्या डब्यापर्यंत.
दुसऱ्या खेपेला त्यानं तिथंच ब्रेक दाबला
आणि शिट्टी वाजली,
आरशात काळा मूस उठून उभा राहिला
आणि बर्फातल्या भोकाशी वाकलेल्या पोराची
बापानं मागून कॉलर धरावी
तसं काहीतरी मला सीटमधून जाणवलं.
खेचणं नव्हे. नुसतं धरणं.
वेग उतरला तशी शिट्टीही बारीक होत गेली.

त्यानं उतरून पावलं मोजली. बूट घट्ट रोवत, मोठ्यानं.
"एकतीस वाचली."

मी काही बोललो नाही.
नोव्हेंबरातलं ते वळण गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
साइमी एकटीच होती गाडीत,
मूस नंतर उठून जंगलात गेला.
ताइस्तो बर्फाकडं बघत म्हणाला,
"तिला चार हवी होती."

म्हातारा तेवढ्यात मासा काढायला लागला.
आम्ही तिघांनी तो बघितला. पर्च होता, लहान.

सोमवारी फाइल पुन्हा उघडली.
निकाल बदलला नाही; नियम नियम असतो,
आणि ती कड खरंच कुणाचं तरी बोट नेईल.
खाली शेऱ्याचा रकाना, दीड ओळीचा,
एकवीस वर्षं मी तिथं रेघ ओढत आलोय.
लिहिलं: वेल्डिंग उत्तम.

दुपारी ओउलूच्या ऑफिसातून फोन.
हा शेरा बसत नाही, म्हणे, कुठल्याच कलमात.
म्हटलं, रकान्यात बसलाय.