मोदलु

सोलापूरला समुद्र नाही.
आमच्या लॅबमध्ये बरणीत आहे तेवढाच,
फॉर्मालिनचा, पिवळा पडलेला,
आणि तळाशी सी अर्चिन, काटे झडलेला,
जुन्या पिनकुशनसारखा.

बी.एस्सी.च्या पोरांना फळ्यावर लिहून दाखवते
त्याच्या हिस्टोनच्या जनुकाआधीची अक्षरं: टी, ए, टी, ए.
मागच्या बाकावरून हात हलतो, टाटा मॅडम!
हसू देते त्यांना.
खरंच तर आहे, आधी निरोप घ्यायचा,
मग पंचवीसेक अक्षरं सोडून
निरोप न्यायला आरएनए निघतो.

खूण आरंभावर नसते.
हे मला नायनांनी शिकवलं, सी अर्चिन न बघता.
साखर पेठेत ते जकार्डची कार्डं ठोकायचे,
एक भोक, एक कोरं, दोन भोकं,
आणि चादरीवर मोर जिथून निघतो
त्याच्या चोवीस कार्डं आधी गेरूचा ठिपका.
मोदलु, म्हणायचे. सुरुवात.
इथं कशी? मोर तर पुढे आहे.
पुढे आहे म्हणूनच, पोरी.

बेडकाच्या अंड्यात घालून बघितलंय लोकांनी:
निघण्याची जागाच कापून टाकली
तरी पेशी अंतर मोजते,
समोर येईल त्या अक्षरावर पाय ठेवते आणि चालू लागते.
पण ती आधीची खूण कापली
तर जनुक मुकं होत नाही,
कुठूनही सुरू होतं.
तीन अक्षरं अलीकडून, सात पलीकडून.

इथे आले की मी खडू बदलते.

लकव्यानंतर वाचा परत आली, डॉक्टर म्हणाले.
आली.
"च्या आधी पुसून घे."
"रामेशमनं दिलाच नाही."
काय पुसू? कोण रामेशम?
शब्द शाबूत, शेवटही बरोबर,
फक्त ते दर वेळी
वाक्याच्या वेगळ्याच पायरीवर उतरतात.

काल ट्रंकेत एक कार्ड सापडलं, गेरू पुसट झालेला.
त्यांचं डावं बोट धरून ठिपक्यावर ठेवलं.
मोदलु, म्हटलं मी.
ते खाटेच्या दांडीवर बोट वाजवू लागले.
गल्लीतले लूम बंद, लाइट गेलेली,
त्यामुळे नीट ऐकू येत होतं.

बावीस. तेवीस.
चोवीस गेलं.
पंचवीस, सव्वीस.
मी थांबवलं नाही.