आणखी वीस

हिरवं कापड नाही. सहा टेबलांवर
पलंगाच्या जुन्या चादरी, पिनांनी ताणलेल्या.
प्रवेश वीस डॉलर. बक्षीस मूसच्या मांसाचा पाव हिस्सा,
सिरिल कियोच्या फ्रीजरमध्ये, कागदात गुंडाळून.
जमेल ते लिअँडर पाइकच्या
नव्या पायासाठी.

आणि लिअँडरच आला.
कुबड्या खुर्चीला टेकवल्या,
मी नको म्हणायच्या आत
वीसची नोट डब्यात.

पत्ते पिसता पिसता मी बघत होते:
तो सगळ्या चकत्या पुढे सरकवायचा
की टेबल गप्प. एकेक जण पत्ते पालथे घालायचा.
चौथ्यांदा त्याने आपले उघडे फेकले,
किलवर सत्ती, चौकट दुर्री.
"यावर पळालात? समुद्रावर जाता ना रे तुम्ही?"

बाहेर न्यूफाउंडलंडचं धुकं, बंदराचा भोंगा.
फिलोमिनाने चष्मा पुसला.
पुढच्या डावाला म्हणाली, "दाखव."
तिच्याकडे दोन राण्या. त्याच्याकडे
नेहमीसारखं काहीच नाही.
दोन्ही हातांनी ओढल्या तिने चकत्या,
खाली पडलेलीसुद्धा वाकून उचलली.

नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा हसला तो,
खोकला येईपर्यंत.
मग खिसा चाचपत: "आणखी वीस लिही."

लिहिले.
पाइक, लिअँडर. चाळीस.