एक्क्याण्णव अंशांवर

गराजचं दार खाली ओढलं, तरी
सस्कॅचेवानची थंडी आमच्या आधीच आत येऊन बसलेली.
उणे एकतीस.
पान्याला उघडं बोट लावलं तर कातडी तिथंच राहते,
म्हणून लेस्याला म्हटलं, हातमोजे काढू नकोस.
तिनं ऐकलं. बोलली नाही.
आठ महिने झाले मला या घरात येऊन,
अजून मला हाक मारायला तिच्याकडे शब्द नाही.
"ते बघ", "इकडे", "हां" एवढ्यावर भागवते.

ट्रक तिच्या बापाचा. चौऱ्याण्णव सालचा, सहा सिलिंडरचा.
बाप आल्बर्टात तेलाच्या विहिरींवर गेला तो गेलाच,
मागे ट्रक राहिला, आणि सीटवर एक घोंगडी.
यात बसलं की घोंगडी गुडघ्यांवर घ्यायची असते,
हे लेस्यानंच मला शिकवलं, पहिल्या थंडीत.
हीटर नुसतं गार वारं फुंकायचा,
काटा तळाला चिकटून.
मी छातीठोक सांगितलं, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.
अठरा डॉलर, आणि एका दुपारचं काम.

कुत्र्याला ती आधी घरात सोडून आली.
कूलंट गोड लागतं, चाटलं की मरतात.
मी सांगणारच होतो.

हिरवं पाणी घमेल्यात उतरलं.
पहिला बोल्ट मुकाट आला.
दुसऱ्यानं तास खाल्ला:
तेल, ज्योत, हातोडीच्या टिचक्या,
माझ्या आजीच्या ठेवणीतल्या युक्रेनी शिव्या,
मग किर्रर्र.
टोपण उचललं.

आत काहीच नव्हतं.

अडकलेला नाही, झिजलेला नाही. नव्हताच.
कुणीतरी तो काढून, वर नवं गॅस्केट घालून
बोल्ट नीट आवळून ठेवले होते.
लेस्यानं टॉर्च आत धरला. बराच वेळ.
"तातो म्हणायचा, जुने ट्रक असेच असतात."

एक धारदार वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं,
पोरीला तीन हिवाळे घोंगडीत बसवणाऱ्या माणसाबद्दल.
ते पान्याबरोबर खिशात टाकलं.
म्हटलं, "उन्हाळ्यात इंजिन तापलं असेल.
कापणी तोंडावर, दुकान साठ मैलांवर.
लोक काढून टाकतात, वेळ मारून नेतात. मीही नेलीय."
"आणि परत बसवत नाहीत?"
"राहून जातं."
तिनं पाते घेतलं आणि जुनं गॅस्केट खरवडू लागली,
कडेकडेनं, माझ्यापेक्षा बारीक.

नवा बसवण्याआधी उकळून बघायचा, ही माझी खोड.
मार्ताच्या पिरोहीच्या पातेल्यात
चकतीच्या फटीत दोरा धरवून तो टांगला,
शेजारी जॅमचा थर्मामीटर.
मार्ता म्हणाली, पातेलं तुम्हीच घासायचं. दोनदा.
सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी.
"हा बिघडलेला आहे."
"थांब. बंद राहणं हेच त्याचं काम,
इंजिनला ऊब धरेपर्यंत."
एक्क्याण्णवला पितळ जरासं उचललं गेलं,
दोरा सुटला,
आणि तो टण्णकन तळाला.
"परत," ती म्हणाली.
परत केलं. मग आणखी एकदा.
बटाटे सोललेले तसेच वाट बघत.

स्प्रिंग इंजिनकडे, बारीक भोक वर.
भरलं, सुरू केलं, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत दोघं
रेडिएटरच्या तोंडात बघत उभे राहिलो, कोळ्यांसारखे.
मग काटा हलला.
आतलं वारं कोमट झालं, नंतर चक्क ऊन.
लेस्यानं हातमोजे काढले,
घोंगडीची घडी केली, सीटमागे ठेवली.
टाकली नाही.

सकाळी गराजमध्ये गेलो
तर टोपणाखाली हिरवा थेंब.
दुसरा बोल्ट, पाव आटा कमी.
माझ्या आधी ती तिथं होती.
कुत्रा आत कोंडलेला, खाली पुठ्ठा सरकवलेला,
हातात दहाचा पाना.
"ते बघ," म्हणाली.