चिठ्ठी माझ्या खिशात होती

चौदा वर्षं मी भूजल खात्याची जीप चालवली,
पाल ते चिनावल, खिरोदा ते न्हावी.
मागच्या सीटवर शास्त्रज्ञ बसायचे.
लोकांना वाटतं तसे नसतात ते.
एक साहेब विहिरीत डोकवायलाच घाबरायचे,
काठापासून चार हात लांब उभे राहून विचारायचे, "किती?"
एकांचा आलेखावर जीव. ठिपका रेषेबाहेर पडला
की त्या विहिरीलाच नावं ठेवायचे.
एक पोरगा होता, दगड चाटून बघायचा.
खरंच. जिभेला चिकटला तर म्हणायचा, यात चिकणमाती.
आणि वायकोळे बाई.

बाई पोलादी टेपला खडू फासायच्या,
टेप विहिरीत सोडायच्या, वर ओढायच्या,
खडू भिजला तिथं बोट ठेवून म्हणायच्या,
"तुला किती दिसतं, सुभान?"
मी सांगायचो. मग स्वतः बघायच्या.
आधी स्वतःचा आकडा कधी बोलल्या नाहीत.

सातपुड्यातून सुकी नदी उतरते ती भरलेली,
गोट्यांच्या पट्ट्यात शिरली की बघता बघता गायब.
केळीबागवाले विचारायचे, "पानी जाते कुठी वो बाई?"
"माहीत नाही," बाई म्हणायच्या.
एवढं शिकलेलं माणूस इतक्या सहज
माहीत नाही म्हणतं, हे कुणाला पटायचं नाही.
पहिली दोन वर्षं मलाच लाज वाटायची.

एका भादव्यात आम्ही नदीत रंग सोडला.
डब्यात विटकरी पूड,
पाण्यात पडली की पोपटाच्या पंखासारखी.
बाईंनी वहीत लिहिलं : चिनावलची विहीर, बावीस दिवस.
खाली सही.
"चुकले तर पळता येऊ नये," म्हणाल्या.

बावीस झाले. तीस झाले.
चिनावलचं पाणी पाण्यासारखंच.
एकेचाळिसाव्या दिवशी कुंभारखेड्याची विहीर
मला उन्हात जरा हिरवट वाटली.
मी ओरडलो. बाई नाही ओरडल्या.
"शेवाळ असेल. तुला हवं म्हणून दिसत असेल.
मलाही हवंय,
म्हणून माझे डोळे आज कामाचे नाहीत."

मग सहा बाटल्या माझ्या हातात दिल्या.
"तीन विहिरीच्या भर, तीन विश्रामगृहाच्या नळाच्या.
नंबर तू टाक. कोणती कुठली ते चिठ्ठीवर लिही.
मला सांगू नको.
मी विचारलं तरी सांगू नको."

मी आठवी नापास.
आयुष्यात पुष्कळांनी माझ्यापासून गोष्टी लपवल्या;
स्वतःपासून लपवायला
कुणी माझ्याकडे काही ठेवलं नव्हतं.
नऊ दिवस ती चिठ्ठी खिशात घालून गाडी चालवली.
अंघोळीला जाताना बायकोकडे द्यायचो.
आरशात बाई दिसायच्या, केळीकडे बघत.
एकदाही विचारलं नाही.

नाशिकहून कागद आला. बाईंनी वाचला :
"एक, चार, पाच, सहा. चौघींत रंग आहे."
मी चिठ्ठी उघडली.
एक, पाच, सहा, विहीर.
चार, नळ.

जीपमध्ये आम्ही दोघंच.
चुकून चार बाटल्या विहिरीच्या भरल्या, म्हटलं असतं
तर बाईंनी मानलं असतं.
चिठ्ठी पेन्सिलीची होती, पेन्सिल कानावर.
आणि मला आठवलं ते फडकं,
सीटखालचं. रंगाचा चमचा पुसला होता त्यानं,
त्यानंच चौथी बाटली.

"चार नळाची आहे, बाई."

बराच वेळ बाई बोलल्या नाहीत.
मग वही काढली, तारीख टाकली :
निष्कर्ष काढता येत नाही.
त्याच्या खाली एक शब्द, फडकं.
माझं नाव लिहिलं नाही.
सावद्याच्या स्टँडवर चहा पाजला, भजी घेतली,
"पुढच्या भादव्यात," म्हणाल्या.

पुढच्या भादव्याआधी त्यांची बदली झाली.
नदी कुठं जाते ते मला अजून माहीत नाही.
कुणी विचारलं तर तसंच सांगतो.

नवं फडकं मात्र
मी तेव्हाच आणून ठेवलं होतं, सावद्याच्याच बाजारातून.
कितीतरी वर्षं सीटखाली होतं,
घडी न मोडलेलं.