झाकण लावून

तांदळाच्या कणीएवढा अँटेना.
पांढरा, सिरॅमिकचा, दोन्ही टोकांना कथलाचा ठिपका.
चिमट्यात धरलाय आणि शिंक आली की गेला.
मागच्या आठवड्यात दोन गेले,
अजून सापडले नाहीत.

अंबडच्या गाळ्यात रात्रीचे साडेआठ.
शेजारच्या प्रेसचा दणका थांबलाय.
अश्फाक कोकणी जिन्यात उभा राहून फोनवर भांडतोय
कपॅसिटरच्या एका रिळासाठी.
मी पडद्यावरच्या वर्तुळाकडे बघत बसलेय.
मधोमध पन्नास ओहम.
माझा ठिपका खाली, कडेला, रुसून:
अठरा वजा जे चाळीस.

रिसीव्हर आहे हा. ह्याचं काम ऐकायचं.
पण ऐकणाऱ्याला तपासायचं तर
आधी त्यालाच बोलायला लावतात.
वायरीतून थोडी ताकद ढकलायची
आणि मोजायचं
किती बाहेर गेली,
किती तोंडावर परत आली.
जेवढी परत आली
तेवढं हा ऐकणार नाही.

बारा नॅनोहेन्री, ओळीत.
ठिपका मधली रेघ ओलांडून वर गेला, मुकाट.
चार पॉइंट सात पिकोफॅरड, ग्राउंडकडे.
वळला, आणि आला की मधोमध!
अश्फाक म्हणाला, झालं, निघ आता.

मग मी झाकण लावलं.
प्लॅस्टिकचं, चार स्क्रूंचं, आत बॅटरी.
ठिपका पुन्हा चालता झाला.

आप्पा चाळीस वर्षं तांबट आळीत हंडे ठोकत होते.
हंडा झाला की बोटाच्या पेराने एक टिचकी,
आणि आवाज कसा परत येतो त्यावरून
सांगायचे पत्रा कुठे जाड राहिलाय.
त्याच ठोक्यांनी कान नेले.
कानात घालायचं यंत्र डबीत पडून आहे,
शिट्टी मारतं म्हणे.
आम्ही ओरडायचो. मी, दादा, दुकानातला गडी.
ओरडलं की आप्पा डोळे मिटून घ्यायचे,
आणि आम्ही आणखी ओरडायचो.
आईला केव्हातरी सापडलं:
डाव्या बाजूने,
खालच्या पट्टीत,
वाक्याच्या आधी खांद्याला हात.
आवाज तिने वाढवला नाही.
कधी सापडलं, कितव्या खेपेला, विचारायचं राहिलं.

बाराची गुंडाळी काढली, दहाची लावली.
एक जळाली, दुसरी तिरकी बसली.
आता झाकण लावूनच मोजायचं,
कारण पुढे तेच असणार अंगावर,
गिरणाऱ्याच्या द्राक्षबागेत
तारेला बांधलेल्या डबीत,
औषधाच्या फवाऱ्याखाली, दवात.
पंपघरातून येणारा निरोप एवढाच:
तिसऱ्या ओळीचा व्हॉल्व्ह उघड.
तो पहिल्या हाकेत ऐकला
तर बॅटरी दोन हंगाम पुरते.

सव्वादहाला ठिपका मध्याच्या जवळ थांबला.
अगदी मधोमध नाही.
मी आणखी छेडला नाही.

रविवारी बोर्ड आप्पांच्या तळहातावर ठेवला.
चष्मा कपाळावर सारून
नखाने तांब्याची कड चाचपली.
पत्रा फार पातळ, म्हणाले.
मग विचारलं, ह्याला ऐकू येतं?

मी डावीकडे गेले, खांद्याला हात लावला.
येतं, म्हटलं. दोन किलोमीटरवरून.

आप्पांनी डबीला टिचकी मारली
आणि मान कलती करून
वाट बघत राहिले.