बाद गडी

लावणी आणि आभारप्रदर्शनाच्या मधे
प्राचार्यांनी माइकवरून सांगितलं,
तांडेल सर उद्यापासून येणार नाहीत.
तीन वर्षं, एकही चषक नाही,
व्यवस्थापनाने निर्णय घेतला आहे.
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
सवयीने. माइक थांबला की वाजवतात तशा.
मीही. पहिल्या रांगेत होते,
कॅप्टनचा बिल्ला लावून.

सर दारापाशी उभे,
हातात आमच्या गुडघ्यांच्या पट्ट्यांची पिशवी.
शिट्टी गळ्यातून काढली,
दोरी बोटांभोवती गुंडाळली,
कुणाला द्यायची कळेना म्हणून
शिपाई वाघधरेंच्या तळहातावर ठेवली.
जाताना खुर्च्यांखालच्या मॅटचा सुटलेला कोपरा
बुटाने दाबून बसवला.
तो उठलाच परत. नेहमीसारखा.

सर सांगायचे,
बाद झालीस तर पंचांशी वाद नको.
मान वर ठेवून बाहेर जा, रांगेत बस.
आपलं कुणीतरी गुण आणेल,
मग तू जिवंत.

काल चिंचपोकळीच्या सिग्नलला दिसले,
स्कूटरवर, पायांत भाजीची पिशवी.
मी काही बोलायच्या आत म्हणाले,
"डाव्या कोपऱ्याला सांग, घोट्याला हात घालायची घाई करते."
एवढंच.
सिग्नल सुटला.

सांगितलं मी तिला.
ती म्हणाली, नवे सर पण हेच म्हणतात.
नवे सर चांगले आहेत. मॅटही नवी आलीय,
तिचे चारही कोपरे बसलेले.

तांडेल सर बाहेर बसलेत.
चढाई माझी आहे.
दम कधीचा धरलाय,
पाय मध्यरेषेच्या अलीकडेच.